न्यूजप्रिंटची आयात: आफ्रिकेतल्या देशांची तुलना डॉलरमध्ये करावी की टनांत?

कोरा ताव:

नमस्कार मंडळी. आफ्रिकेतल्या छापील वृत्तपत्रांवर प्रबंध लिहितोय आणि एका प्रकरणात गाडं अडलंय. इजिप्त, नायजेरिया, केनिया, युगांडा, इथिओपिया, दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि मॉरिशस हे देश घेतलेत. यूएन कॉमट्रेडवर (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीच्या साठ्यावर) ४८०१ हा न्यूजप्रिंटचा, म्हणजे वृत्तपत्र छापायच्या कागदाचा, एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाकून डॉलरमधली आयात उतरवली, खांबांचा आलेख काढला आणि खाली लिहून टाकलं की जिथे आयात मोठी तिथे छापील वृत्तपत्रं जोरात. मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्याभोवती लाल गोल करून नुसतं "कशावरून?" एवढंच लिहिलंय.

शंका मलाही आहेतच. लेसोथोचा खांब दिसतसुद्धा नाही, म्हणजे तिथे कोणी पेपर वाचत नाही का? युगांडाचा प्रतिटन भाव केनियाहून चढा का दिसतो, दोघांचा माल एकाच बंदरातून येत असताना? आणि विकणाऱ्या देशाने सांगितलेली निर्यात व घेणाऱ्याने सांगितलेली आयात जुळत का नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सव्वाशेर:

आधी लोकसंख्येने भागा की राव. नायजेरिया २० कोटींच्या वर, मॉरिशस साडेबारा लाखांच्या आसपास. हे दोन खांब शेजारी उभे करून काय कळणार? बाकी चालू द्या, वाचतोय.

रीळमास्तर:

सव्वाशेर, भागायला हवंच, पण आधी अंश नीट करू, मग छेदाचं बघू.

नैरोबीतल्या एका छापखान्यात कागदखरेदीच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. सांगायचंय ते एवढंच की डॉलरचा आकडा कागद किती आला ते सांगत नाही. तो कागद कुठल्या वाटेने आला आणि त्याची किंमत वाटेत कुठे मोजली, हे सांगतो.

एक टन कागद घ्या. आकडे समजुतीपुरते धरा, कुठल्या वर्षाचा बाजारभाव म्हणून नव्हे. युरोपातल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंत त्याची किंमत ६०० डॉलर. मोंबासापर्यंतचं भाडं आणि विमा ११० डॉलर. केनिया आयात नोंदवतो ती सीआयएफ, म्हणजे भाडं-विमा धरून, तेव्हा केनियाच्या खात्यात ७१०. तोच टन युगांडाला जायचा असेल तर मोंबासाहून केनिया-युगांडा सीमेवरच्या मलाबाच्या नाक्यापर्यंत नऊशेच्या आसपास किलोमीटरचा रस्ता आहे. त्याचे ७० डॉलर लावले तर सीमेवर ७८० झाले. आता तोच टन डर्बनला उतरवा. दक्षिण आफ्रिका आयातसुद्धा एफओबी भावाने नोंदवते, भाडं-विमा त्यात धरतच नाही. म्हणजे तिच्या खात्यात ६००. कागद तोच, गिरणी तीच, जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन) तोच, आणि तुमच्या आलेखात तीन वेगळ्या उंचीचे खांब! युगांडा केनियापेक्षा जवळपास दहा टक्के 'मोठा', तर दक्षिण आफ्रिका पंधरा टक्क्यांनी 'लहान'. यात वाचकाचा कुठे संबंध आला?

भूवेष्टित देशांची ही कथा सगळीकडे आहे. इथिओपियाचा माल जिबुतीहून चढतो, झांबियाचा दार-ए-सलामहून किंवा डर्बनहून. तिथली आयात डॉलरमध्ये वाढली तर डिझेल महागलं की पेपर वाढले, हे त्या आकड्यावरून सांगता येणार नाही. २०२१ मध्ये जगभर कंटेनरची भाडी कशी भडकली ते आठवत असेलच. त्या वर्षीचे सीआयएफ आकडे बघून कोणी 'आफ्रिकेत वृत्तपत्रांचं पुनरुज्जीवन' असा मथळा देऊ नये म्हणजे मिळवली.

म्हणून टन घ्या. कॉमट्रेडवर किमतीशेजारी निव्वळ वजनाचा रकाना असतो, किलोत. पण तोही डोळे मिटून घ्यायचा नाही. किमतीला वजनाने भागा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत साध्या न्यूजप्रिंटचा भाव टनाला ५०० ते १,००० डॉलरच्या पट्ट्यात बसायला हवा, भाडं धरून थोडा वर. उत्तर ३,००० आलं किंवा ९० आलं तर समजा की कोणीतरी किलोच्या जागी टन लिहिलेत, नाहीतर भलताच कागद या कोडखाली घातलाय. अशी ओळ आलेखात घेऊ नका. त्या वर्षीचा आकडा विकणाऱ्या देशाच्या बाजूने शोधा.

टनाच्या आकड्यालाही एक उणी बाजू असते. कंटेनर उघडला की रिळं तपकिरी वेष्टनात उभी असायची, प्रत्येकावर नंबर, रुंदी आणि वजन छापलेलं. त्यातली एकदोन हमखास क्लॅम्प ट्रकच्या पकडीत दबून अंडाकृती झालेली. असं रीळ मशीनवर चढवलं की धडधडत फिरतं, ताण एकसारखा राहत नाही, कागद तुटतो आणि रात्री एक वाजता अख्खी छपाई थांबते. मग आमचा एक म्हातारा कामगार सुरीने बाहेरचे फाटके थर सोलून काढायचा, ती रद्दी वेगळी वजन करायची, शेवटी पुठ्ठ्याच्या गाभ्यावर उरलेला कागदही वेगळा. कस्टमच्या कागदावर मात्र रीळ पूर्ण वजनाचं. आयात झालेला टन आणि छापला गेलेला टन यांत इतकी गळती धरूनच चालायचं.

शिवाय जीएसएम. ४८.८ वरून ४५ जीएसएमवर आलात की तेवढ्याच पानांना जवळपास आठ टक्के कमी वजन लागतं. टन घटले म्हणून प्रती घटल्या असं लगेच म्हणू नका. कागद महागला की खरेदीवाला पहिली कात्री इथेच लावतो. मी लावलेली आहे.

आता लेसोथो. तिथली बरीच वृत्तपत्रं दक्षिण आफ्रिकेतल्या छापखान्यांत छापून सीमेपलीकडून येत आली आहेत. म्हणजे देशात कोरा कागद येत नाही, छापलेला पेपर येतो, आणि त्याचा कोड ४९०२. तुमच्या ४८०१ मध्ये तो दिसणार कसा? झिम्बाब्वेचं उदाहरण याहून बोलकं आहे. 'द झिम्बाब्वियन' हे साप्ताहिक परदेशातून चालवलं जायचं, दक्षिण आफ्रिकेत छापलं जायचं आणि ट्रकने देशात यायचं. २००८ च्या निवडणुकीच्या धामधुमीत मे महिन्यात त्याचा एक ट्रक अडवून हजारो प्रतींसकट जाळला गेला. पाठोपाठ सरकारने परदेशी वृत्तपत्रांवर चैनीच्या वस्तूंसारखं आयातशुल्क बसवलं. त्या वर्षी त्या देशात लोक काय वाचत होते याचा माग काढायचा तर ४८०१ आणि ४९०२ शेजारी ठेवावेच लागतील.

जुनी फाईल:

रीळमास्तरांनी वाटेचं सांगितलं, मी कारखान्यांचं सांगतो. आयात म्हणजे खप नव्हे. देशात गिरणी असेल तर कागद सीमा ओलांडतच नाही.

दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ मेरबँकला आणि म्पुमलांगातल्या एन्गोड्वानाला न्यूजप्रिंट बनत आला. त्या देशाची आयात अनेक वर्षं किरकोळ दिसते ती यामुळे, पेपर खपत नव्हते म्हणून नाही. झिम्बाब्वेला मुटारेची गिरणी होती. केनियात वेबुयेची पॅन आफ्रिकन पेपर मिल्स, केनिया सरकार आणि आपल्या बिर्लांची ओरिएंट पेपर यांची भागीदारी. १९७० च्या दशकात चालू झाली, छपाईचा आणि वेष्टनाचा कागद काढायची, २००९ मध्ये बंद पडली. गाव गिरणीवर जगत होतं, त्याचे हाल झाले.

पण खरी शोकांतिका नायजेरियाची. ओकू इबोकू इथे खास न्यूजप्रिंटसाठी सरकारी कारखाना उभारला, १९८६ मध्ये उद्घाटन, क्षमता वर्षाला १ लाख टन. जेब्बा आणि इवोपिनचे कागद कारखाने वेगळेच. कल्पना अशी की देशातले पेपर देशातल्या कागदावर निघतील. झालं काय, तर बळकटीसाठी लागणारा लांब धाग्याचा लगदा परदेशातूनच आणावा लागायचा, आणि त्यासाठी डॉलर हवेत. तेलाचा भाव पडला, नायरा घसरला, यंत्रांचे सुटे भाग मिळेनात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन थांबलं. तेव्हापासून नायजेरियन पेपर आयात कागदावर. १९८८ च्या आणि १९९८ च्या आयातीची तुलना कोणी केली तर वृत्तपत्रं भरभराटीला आली असं वाटेल. प्रत्यक्षात गिरणी मेली होती.

तेव्हा उत्पादन अधिक आयात वजा निर्यात असं गणित मांडा. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या) वनोपज आकडेवारीत न्यूजप्रिंटचं उत्पादन, आयात आणि निर्यात १९६१ पासून मिळते, टनांत आणि डॉलरमध्येही. मात्र आकड्याशेजारचा शेरा बघा. अधिकृत आकडा कुठला आणि एफएओने अंदाजाने भरलेला कुठला, ते तिथे लिहिलेलं असतं. एखाद्या देशाचा तोच आकडा चार वर्षं सलग दिसला तर तो अंदाजच समजा.

हुंडीवाला:

थोडा वेगळा सूर लावतो. टन टन म्हणून डॉलरला अगदीच अडगळीत टाकू नका. वृत्तपत्राचा मालक टनांत पैसे देत नाही. त्याला एलसी (बँकेचं पतपत्र) उघडायची असते आणि त्यासाठी परकीय चलन मिळवायचं असतं. आफ्रिकेतल्या पेपरांची पानं कमी होतात, किंमत वाढते, आवृत्त्या बंद होतात, त्यामागे पुष्कळदा कागदाचा जागतिक भाव नसून चलन असतं.

इजिप्तने नोव्हेंबर २०१६ मध्ये पौंड मोकळा सोडला. डॉलरला ९ पौंडांच्या आत असलेला दर काही आठवड्यांत दुपटीच्या आसपास गेला. मार्च २०२४ मध्ये पुन्हा तसंच, ३१ च्या खालून थेट ५० च्या घरात. नायजेरियाने जून २०२३ मध्ये दर मोकळा केला आणि नायरा कोसळला. डॉलरमध्ये तोच भाव असलेला कागद स्थानिक चलनात महिन्याभरात असा महागतो. उलट सेनेगल, आयव्हरी कोस्टसारख्या सीएफए फ्रँक देशांचा दर युरोला बांधलेला, एका युरोला ६५५.९५७. तिथे रोजची धाकधूक नाही, पण जानेवारी १९९४ मध्ये एका फटक्यात निम्म्याने अवमूल्यन झालं तेव्हा आयात कागद एका रात्रीत दुप्पट महाग झाला.

म्हणून माझ्या मते तिसरा आलेख हवा: आयातीची किंमत स्थानिक चलनात. वृत्तपत्रांचं अर्थकारण हा प्रकरणाचा विषय असेल तर तोच मुख्य आलेख.

रीळमास्तर:

हुंडीवाले, स्थानिक चलनाचा आलेख काढायला माझी ना नाही, पण देशादेशांत तुलना करायला तो निरुपयोगी आहे. नायराचा खांब आणि शिलिंगचा खांब शेजारी ठेवून बघणार काय? एका देशाची स्वतःशीच तुलना करायला उत्तम. धागाकर्त्याचा प्रश्न देशांमधल्या तुलनेचा आहे.

शिवाय तुम्ही धरून चाललाय की कागद वृत्तपत्रालाच गेला. स्वस्त न्यूजप्रिंटवर शाळेच्या वह्या निघतात, पाठ्यपुस्तकं निघतात, निवडणुकीची पत्रकं निघतात. जिथे न्यूजप्रिंटवर शुल्क कमी आणि इतर छपाईच्या कागदावर जास्त असतं, तिथे दुसराच कागद न्यूजप्रिंट म्हणून उतरवायचा मोह होतोच. क्लिअरिंग एजंटांच्या (कस्टममधून माल सोडवून देणाऱ्यांच्या) गप्पांत हा विषय कायम असायचा, आणि 'आपण तसलं करत नाही' हे प्रत्येकजण न विचारता सांगायचा.

हुंडीवाला:

मान्य, पण अर्धंच. मालकाच्या खिशाची कथा टनांत दिसत नाही हे माझं म्हणणं कायम.

कोरा ताव:

सगळ्यांचे मनापासून आभार. आलेख मोडून टनांवर नव्याने मांडायला घेतोय. दोन गोष्टी अजून अडल्यात. इजिप्तमध्ये कूस इथे उसाच्या चिपाडांपासून कागद बनतो असं वाचलं, तो हिशेबात कसा धरायचा? आणि दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत तेव्हा खरं कोणाचं मानायचं?

रीळमास्तर:

कूसचा प्रश्न विचारलात हे बरं केलंत, कारण इथे भलेभले फसतात. ४८०१ ची व्याख्या फार काटेकोर आहे. कागद विनालेपित (लेप न दिलेला) हवा, ४० ते ६५ जीएसएमचा हवा, आणि त्यातले निदान ५० टक्के धागे यांत्रिक किंवा रासायनिक-यांत्रिक पद्धतीने काढलेल्या लाकडाचे हवेत. लाकडाचे! चिपाडांच्या लगद्याचा कागद वृत्तपत्र छापायला कितीही चांगला असला तरी लाकडाचा हा वाटा त्यात नसेल तर कस्टमच्या लेखी तो न्यूजप्रिंट नाही, तो ४८०२ खाली, म्हणजे लेप नसलेल्या इतर छपाई-लेखनाच्या कागदात, जातो. तेव्हा इजिप्तच्या बाबतीत ४८०१ ची आयात हा पेपरांना लागणाऱ्या कागदाचा एक तुकडा समजा. देशातल्या कागदावर किती पानं छापली गेली ते व्यापाराच्या आकड्यांत सापडायचं नाही. त्याच व्याख्येत रिळाच्या रुंदीचीही अट आहे. २०१७ पूर्वी ३६ सेंटिमीटरपेक्षा रुंद हवं असायचं, आता २८. वृत्तपत्राची रिळं याहून कितीतरी रुंद असतात, त्यामुळे फरक मोठा पडणार नाही, पण २०१७ ला आकड्यात बारीक खाच दिसली तर दचकू नका.

दोन बाजूंचे आकडे जुळत नाहीत ते काही अंशी मी वर सांगितलेल्या भाड्या-विम्यामुळेच. त्याशिवाय डिसेंबरात निघालेलं जहाज फेब्रुवारीत पोचतं, म्हणजे वर्ष बदललं. आणि अंतिम मुक्काम. विकणारा लिहितो केनिया, कारण बिल ऑफ लेडिंगवर (जहाजाच्या माल-पावतीवर) मोंबासा आहे, माल मात्र युगांडात कंपालाला गेलेला. आमच्याकडे एकाच खेपेतली काही रिळं नैरोबीला उतरायची आणि उरलेली पुढे जायची. माझी पद्धत सांगतो: आयातदार देश नियमित आणि वजनासकट अहवाल देत असेल, आणि प्रतिटन भाव पट्ट्यात बसत असेल, तर त्याचंच मानायचं. नसेल तर सगळ्या निर्यातदारांची त्या देशाकडची निर्यात बेरजेला घ्यायची आणि आलेखात तो खांब वेगळ्या रंगात दाखवायचा. इरिट्रिया, सोमालिया, चाड घेणार असाल तर दुसरा इलाजच नाही. दोन्ही बाजू जुळवून तयार केलेला फ्रान्सच्या सेपी या अर्थशास्त्र-संशोधन संस्थेचा 'बासी' हा आकड्यांचा संचही आहे, फुकट मिळतो. तो वापरलात तर अर्धं काम वाचेल.

दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत दोन वर्षं भिंतीवर लिहून ठेवा. १९९९ पर्यंत कॉमट्रेडवर दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना, लेसोथो, नामिबिया आणि स्वाझीलँड (आताचं एस्वातिनी) यांच्या सीमाशुल्क संघाचे आकडे एकत्र येतात, दक्षिण आफ्रिका सुटी दिसते ती २००० पासून. आणि या शेजाऱ्यांशी झालेला व्यापार तिच्या आकड्यांत धरला जातो तो २०१० पासून. २००९ आणि २०१० च्या मध्ये तिच्या निर्यातीत उडी दिसली तर ती नोंदीची उडी आहे. सुदान घेतलात तर २०११ च्या फाळणीनंतर त्याचा देश-क्रमांकच बदललाय, जुना टाकून शोधाल तर २०१२ नंतर सुदानमध्ये कागद यायचा बंद झाला असं दिसेल.

आणि इथिओपियाचे आकडे तिथल्या राष्ट्रीय अहवालांतून उचलणार असाल तर वर्षाकडे बघा. त्यांच्या पंचांगातलं २०१२ हे आर्थिक वर्ष म्हणजे आपलं जुलै २०१९ ते जुलै २०२०. कॉमट्रेडवर ही भानगड नाही, तिथे आपलंच वर्ष असतं.